आजी, आजोबा आणि हसू : टॉमी डीपाओला यांची चित्रपुस्तके

घरातील एखादी वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली, की लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवण्याकडे आपला कल असतो. 'आजीला त्रास देऊ नकोस', 'आवाज करू नकोस' असे त्यांना वारंवार बजावले जाते. पुढे ती व्यक्ती निवर्तली, तर मुलांची रवानगी शेजारच्या घरी होते आणि 'आजी गावाला गेली', 'आजी झोपली आहे' असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते. यामागे मायाच असते, यात शंका नाही. परंतु मुलाच्या मनातले प्रश्न त्यामुळे मिटत नाहीत. ते आपल्याला विचारायचे सोडून देते आणि एकटेच त्यांची उत्तरे शोधत बसते.

म्हातारपण, आजारपण आणि मृत्यू यांविषयी चार-पाच वर्षांच्या मुलाशी बोलायचे तरी कसे? अमेरिकेतील लेखक व चित्रकार टॉमी डीपाओला (१९३४-२०२०) यांनी हे अवघड काम चित्रपुस्तकांतून केले आणि तेही मुलांना हसवत हसवत. मूल ज्या माणसाबरोबर पोटभर हसलेले असते, त्या माणसाच्या आजाराकडे आणि मृत्यूकडेही ते न घाबरता पाहू शकते, ही जाण त्यांच्या पुस्तकांच्या मुळाशी आहे. ती पुस्तके हे कसे साधतात, ते या लेखात पाहू.

चित्रपुस्तक म्हणजे काय?

गोष्टीच्या पुस्तकात मधूनमधून चित्रे असतात. ती काढून टाकली, तरी गोष्ट समजते. चित्रपुस्तकाचे तसे नसते. तेथे शब्द आणि चित्र यांनी गोष्ट आपसांत वाटून घेतलेली असते. अर्धी गोष्ट कानाने ऐकायची आणि अर्धी डोळ्यांनी पाहायची, अशी ही रचना असते.

बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून पाने तयार केली जातात, त्यामुळे पानांची संख्या आठच्या किंवा सोळाच्या पटीत येते. एवढ्या थोड्या जागेत लांबलचक वर्णनाला वाव नसतो. एका पानावर दोन-चार वाक्येच मावतात. घर कसे आहे, ऋतू कोणता आहे, आजीच्या चेहऱ्यावर काय आहे, हे सारे चित्राने सांगायचे असते. पान उलटणे हाही कथनाचाच भाग असतो. 'पुढे काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर पानाच्या मागे दडलेले असते आणि ते उलटण्याचा मान बहुधा मुलाचा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे पुस्तक एकाच वेळी दोघे जण वाचतात. मोठ्या माणसाची नजर अक्षरांवर असते, तर अक्षरओळख नसलेले मूल तेवढ्या वेळात चित्राचा कानाकोपरा धुंडाळते. म्हणूनच चित्रातली गंमत आधी मुलाला सापडते आणि ती ते मोठ्यांना बोट ठेवून दाखवते. दिवसभर मोठ्यांकडून शिकणाऱ्या मुलाला निदान या अर्ध्या तासात मोठ्यांना काही शिकवता येते. दोघांच्या एकत्र हसण्याची सुरुवात येथूनच होते.

घर, मठ आणि चित्रकला

टॉमी डीपाओला यांचा जन्म १५ सप्टेंबर १९३४ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मेरिडन या गावी झाला. वडिलांचे घराणे इटालियन, तर आईचे आयरिश. अशा कॅथोलिक कुटुंबात, आजी-आजोबांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. वयाच्या चौथ्या वर्षीच त्यांनी आपण चित्रकार होणार, असे ठरवून टाकले होते. १९५६ साली न्यूयॉर्कमधील प्रॅट इन्स्टिट्यूट या कलासंस्थेतून ते पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ ते व्हरमाँट राज्यातील वेस्टन येथील बेनेडिक्टाइन मठात राहिले. ते मठवासी झाले नाहीत; पुढे त्यांनी अनेक वर्षे कलेचे अध्यापन केले, चर्च व मठांसाठी भित्तिचित्रे रंगविली आणि अखेरीस स्वतःला पूर्णपणे बालसाहित्याला वाहून घेतले.

इटलीतील जोत्तो आणि पंधराव्या शतकातील डॉमिनिकन संन्यासी फ्रा अँजेलिको हे त्यांचे आवडते चित्रकार. त्या जुन्या भित्तिचित्रांचा संस्कार त्यांच्या रेखाटनांवर स्पष्ट दिसतो. ठळक बाह्यरेषा, शांत व सपाट रंग, कमानी, कौलारू घरे आणि गोल, साधे चेहरे ही त्यांच्या चित्रांची ओळख. पांढरे कबूतर आणि हृदयाची आकृती त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांनी अडीचशेहून अधिक पुस्तके चित्रांनी सजविली. ग्वादालुपेची माता (१९८०), असिसीकर संत फ्रान्सिस (१९८२) आणि संत पॅट्रिक (१९९२) यांच्यावरील त्यांची पुस्तकेही प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याबद्दल २०११ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने त्यांना विशेष पदक देऊन गौरविले. ३० मार्च २०२० रोजी न्यू हॅम्पशायर राज्यात वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पास्त्याचा पूर

डीपाओला यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे १९७५ साली प्रकाशित झालेले 'स्ट्रेगा नोना'. उत्कृष्ट चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत कॅल्डेकॉट पदक दिले जाते. १९७६ साली त्या पुरस्काराच्या सन्मानयादीत या पुस्तकाचा समावेश झाला. स्ट्रेगा नोना ही इटलीच्या दक्षिणेकडील कालाब्रिया प्रांतात राहणारी, जादू जाणणारी एक म्हातारी आजी. गावातील लोक डोकेदुखीपासून लग्नाच्या काळजीपर्यंत सर्व तक्रारी घेऊन तिच्याकडे जातात. चर्चचे धर्मगुरू आणि कॉन्व्हेंटमधील सिस्टरही तिच्या दारी येतात, अशी मिश्कील नोंद लेखक करतो.

वय झाल्यामुळे ती घरकामासाठी बिग अँथनी नावाचा धिप्पाड तरुण ठेवते. हा अँथनी स्वभावाने चांगला, पण कोणाचे बोलणे धड लक्ष देऊन ऐकेल तर शपथ! म्हातारीकडे एक जादूचे भांडे आहे. गाणे म्हटले की त्यात पास्ता शिजू लागतो आणि दुसरे गाणे म्हटले की थांबतो. भांड्याला हात लावायचा नाही, अशी अँथनीला सक्त ताकीद असते. तो चोरून दोन्ही गाणी ऐकतो, परंतु शेवटी म्हातारी भांड्याच्या दिशेने तीन वेळा हवेत मुके पाठवते, ते मात्र त्याच्या नजरेतून सुटते. पुढे म्हातारी मैत्रिणीकडे गेलेली असताना तो सारा गाव जेवायला बोलावतो. सर्व जण पोटभर जेवतात, शाबासकी देतात आणि मग भांडे काही केल्या थांबत नाही! पास्ता दारातून, खिडक्यांतून बाहेर पडून गावाच्या दिशेने वाहू लागतो. लोक गाद्या आणि टेबले आडवी लावून तो थोपवू पाहतात.

मुले येथे खळखळून हसतात, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तीन मुक्यांचे रहस्य वाचणाऱ्या मुलाला ठाऊक असते, अँथनीला मात्र ठाऊक नसते. एरवी 'लक्ष दे, लक्ष दे' हे शब्द मुलालाच ऐकावे लागतात. या गोष्टीत मात्र लक्ष न देणारा एक भला मोठा माणूस आहे आणि सारे काही ध्यानात आलेले मूल त्याच्याकडे पाहून हसते आहे.

परंतु पुस्तकाचा खरा गोडवा शेवटी येतो. संतापलेले गावकरी अँथनीला फासावर चढवायला निघतात. स्ट्रेगा नोना त्यांना थांबवते. अपराधाला साजेशीच शिक्षा हवी, असे म्हणून ती अँथनीच्या हाती एक काटा देते : पास्ता हवा होता ना, मग आता हा सगळा संपव, मला आज रात्री माझ्याच बिछान्यात झोपायचे आहे! शेवटच्या चित्रात फुगलेल्या पोटाचा अँथनी दिसतो. त्याला शिक्षा झाली, पण त्याचे घर गेले नाही आणि काम करणारा म्हणून त्याची जागाही गेली नाही. चुकलेल्या माणसाला हसत हसत पुन्हा घरात घेता येते, हे मूल कोणताही उपदेश न ऐकता शिकते.

वरची नॅना आणि खालची नॅना

मराठी कानाला 'नाना' म्हटले की घरातील कोणी वडीलधारे गृहस्थ आठवतात. इंग्रजी घरांत 'नॅना' म्हणजे आजी. १९७३ साली आलेल्या 'नॅना अपस्टेअर्स अँड नॅना डाउनस्टेअर्स' या पुस्तकात दोन नॅना आहेत. टॉमी हा चार वर्षांचा मुलगा दर रविवारी आजोळी जातो. तेथे स्वयंपाकघरात चुलीपाशी राबणारी आजी, ती 'खालची नॅना'. माडीवरच्या खोलीत ९४ वर्षांची पणजी अंथरुणावर असते, ती 'वरची नॅना'. हे लेखकाच्याच बालपणातले घर आहे.

पणजीला खुर्चीत बसवले की ती पडू नये म्हणून खालची नॅना तिला कापडी पट्ट्याने बांधते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना हे दृश्य करुण वाटते. टॉमीला मात्र ते भारी गमतीचे वाटते. तो म्हणतो, मलाही बांध! मग दर रविवारी पणजी आणि पणतू दोन खुर्च्यांत शेजारी शेजारी बांधून घेऊन बसतात, शिवणाच्या डब्यात ठेवलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या खातात आणि गप्पा मारतात.

या एका प्रसंगात डीपाओला यांचे सारे सामर्थ्य सामावलेले आहे. पणजीची अगतिकता त्यांनी लपवली नाही. मुलाने त्या अगतिकतेत सामील होऊन तिचा खेळ केला आणि त्यामुळे पणजीचा मान राखला गेला. चित्रात दोघेही सारख्याच खुर्चीत, सारखेच बांधलेले दिसतात. एक जण ९४ वर्षांची आणि दुसरा चार वर्षांचा, एवढाच काय तो फरक.

एके सकाळी आई सांगते, की वरची नॅना वारली. 'वारली म्हणजे काय?' असे टॉमी विचारतो. आई त्याला खरे तेच सांगते : ती आता येथे असणार नाही. टॉमी धावत माडीवर जातो. पलंग रिकामा असतो. तो रडतो. ती परत येणार नाही का, या प्रश्नावर आई सांगते, की तू तिची आठवण काढशील तेव्हा ती तुझ्या आठवणीत येईल. काही दिवसांनी रात्री आकाशात तारा निखळताना दिसतो. तो वरच्या नॅनाने पाठविलेला मुका असावा, असे आई म्हणते.

आई येथे खोटे काही सांगत नाही आणि मुलाला रडू देते. ज्या पलंगापाशी मूल हसले, तो रिकामा पलंग त्याला पाहू देते. पुस्तकाच्या अखेरीस टॉमी मोठा झालेला असतो. खालची नॅनाही आता म्हातारी होऊन त्याच माडीवर गेलेली असते आणि तिचाही मृत्यू होतो. पुन्हा एक तारा निखळतो. आता दोघीही 'वरच्या नॅना' झाल्या, असे त्याला वाटते. पहिल्या पानावर 'वर' म्हणजे माडी होती. शेवटच्या पानावर त्याच शब्दाला स्वर्गाचा अर्थ येतो आणि मुलाला तो कोणी समजावून द्यावा लागत नाही.

आता हा पाय, आता तो पाय

'नाऊ वन फुट, नाऊ दि अदर' हे १९८१ सालचे पुस्तक पक्षाघाताविषयी आहे. बॉबी आणि त्याचे आजोबा बॉब हे जिवलग मित्र. आजोबांनीच त्याला हात धरून चालायला शिकवलेले असते. दोघे मिळून ठोकळ्यांचा मनोरा रचतात. सर्वांत वर हत्तीचे चित्र असलेला ठोकळा ठेवायचा असतो आणि नेमकी त्याच क्षणी आजोबांना शिंक येते! मनोरा कोसळतो आणि दोघे हसून लोटपोट होतात.

पुढे आजोबांना पक्षाघात होतो. अनेक महिने ते रुग्णालयात असतात. घरी येतात ते न बोलणारे, न चालणारे आणि बॉबीला न ओळखणारे आजोबा. त्यांच्या तोंडून एकदा भयंकर आवाज निघतो आणि घाबरलेला बॉबी पळून जातो. लेखकाने मुलाची ही भीती झाकली नाही. तिच्याबद्दल मुलाला दोषही दिला नाही. बॉबी पुन्हा आजोबांपाशी येतो, तेव्हा त्यांच्या गालावर ओघळलेले अश्रू त्याला दिसतात. एके दिवशी तो ठोकळे काढतो, मनोरा रचतो आणि हत्तीचा ठोकळा उचलतो. आजोबांच्या तोंडून शिंकेसारखा आवाज निघतो!

मघाशी ज्या शिंकेवर मूल हसले होते, त्याच शिंकेने आता आजोबा जागे झाल्याचे त्याला कळते. डॉक्टरांना आणि आईवडिलांना जी खूण ठाऊक नव्हती, ती या दोघांच्या विनोदात जपलेली होती. यानंतर बॉबी आजोबांना भरवतो, गोष्टी सांगतो आणि आपल्या खांद्याचा आधार देऊन एकेक पाऊल टाकायला शिकवतो.

देवाचा विदूषक

हसणे ही देवाला वाहता येईल अशी भेट आहे का? या प्रश्नाला १९७८ सालच्या 'द क्लाउन ऑफ गॉड' या पुस्तकात उत्तर सापडते. फ्रान्समधील एका जुन्या आख्यायिकेवर आधारलेली ही कथा डीपाओला यांनी इटलीत आणली. सोरेंतो गावचा जोव्हान्नी हा अनाथ मुलगा चेंडू हवेत झेलण्याचे खेळ करून प्रसिद्ध होतो. उतारवयात त्याचे हात थरथरतात, चेंडू पडतो आणि लोक त्याची टर उडवतात. थकलेला जोव्हान्नी गावी परततो आणि मठाच्या चर्चमध्ये आसरा घेतो.

ती नाताळची रात्र असते. लोक पवित्र मातेच्या आणि बाळ येशूच्या पुतळ्यापुढे भेटी ठेवतात. सर्व जण निघून गेल्यावर जोव्हान्नीच्या ध्यानात येते, की बाळाचा चेहरा अगदी गंभीर आहे. त्याच्यापाशी देण्यासारखे दुसरे काहीच नसते. तो चेहरा रंगवतो आणि बाळाला हसविण्यासाठी जन्मातला सर्वोत्तम खेळ करतो. खेळ संपतो, तोच तो कोसळून मरण पावतो. एका संन्याशाला हा पावित्र्यभंग वाटलेला असतो. मात्र वर पाहतात तो काय, बाळ येशू हसत असतो आणि त्याच्या हाती जोव्हान्नीचा सोनेरी चेंडू असतो. त्या बाळाचे हसू शब्दांनी नुसते कळते; चित्रात ते दिसते आणि मूल हमखास त्यावर बोट ठेवते.

आपल्या घरात ही पुस्तके कशी वाचावीत?

ही पुस्तके मूळ इंग्रजीत आहेत. त्यातील वाक्ये छोटी व सोपी असल्यामुळे ती पाहता पाहता मराठीत सांगणे कठीण नाही. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलली जात असेल, तर त्या बोलीत सांगावे. नॅनाच्या जागी आपल्या घरात आजीला जे म्हणतात, ते म्हणावे. डीपाओला यांचे 'पॅनकेक्स फॉर ब्रेकफास्ट' (१९७८) हे पुस्तक तर शब्दांविनाच आहे. थंडीच्या सकाळी एका म्हातारीला घावनासारखे गोड पॅनकेक खावेसे वाटतात. अंडी, दूध, लोणी जमवताना तिची तारांबळ उडते आणि घरातले कुत्रे-मांजर सगळ्याचा फडशा पाडतात. अखेरीस वासाच्या मागोमाग ती शेजाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसते! अक्षरओळख नसलेली आजीदेखील हे पुस्तक नातवंडांना 'वाचून' दाखवू शकते.

वाचताना काही गोष्टी पाळाव्यात. पान उलटण्याची घाई करू नये. चित्र पाहून होईपर्यंत थांबावे. मूल हसले तर 'यात हसण्यासारखे काय आहे?' असे न विचारता त्याच्याबरोबर पाहावे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. एकच पुस्तक मूल दहा वेळा मागेल, तर दहा वेळा वाचावे. वरच्या नॅनाच्या रिकाम्या पलंगापाशी मूल गप्प झाले, तर आपणही थोडा वेळ गप्प राहावे आणि त्याने प्रश्न विचारला, तर त्याला झेपेल असे खरे उत्तर द्यावे. आपल्यालाच भरून आले, तरी ते लपवण्याचे कारण नाही.

घरात वृद्ध आजी-आजोबा असतील, तर पुस्तक त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगावर बसून वाचावे. आजीला नीट ऐकू येत नसेल, आजोबांना मध्येच डुलकी लागत असेल, तरी हरकत नाही. त्या खोलीत मुलाचे हसणे ऐकू आले पाहिजे. पुढे कधी ती खोली रिकामी झाली, तर तिच्या दारात उभे राहताना मुलाला भीतीऐवजी ते हसू आठवेल.